कात्री नको, कुप्या उघडा: ट्युरिनच्या कार्डिनलना खुले पत्र

प्रति,
कार्डिनल रोबेर्तो रेपोले,
आर्चबिशप, ट्युरिन, आणि पवित्र कफनाचे पोपनियुक्त राखणदार

माननीय कार्डिनल महोदय,

ख्रिस्तात नमस्कार.

मी वसईचा. विरार लोकल पकडून लोअर परळच्या एका गिरणीत जायचो आणि तिथल्या टेस्टिंग लॅबमध्ये सूत तपासायचो. धाग्याचा काउंट काढायचा, पीळ मोजायचा, पिक ग्लास, म्हणजे धागे मोजायचं भिंग, लावून एका इंचात उभे किती, आडवे किती ते लिहायचं. गिरणी गेली, सवय राहिली. लग्नाच्या पंगतीतही माझा हात आधी टेबलक्लॉथकडे जातो, हे सांगून बायको अजून हसवते लोकांना.

२०१५ साली मुलाकडे जर्मनीला गेलो होतो, तेव्हा तुमच्या गावी कफनाचं, म्हणजे येशूच्या देहाला गुंडाळलेलं असं अनेक जण मानतात त्या, माणसाची आकृती उमटलेल्या कापडाचं, प्रदर्शन चालू होतं. आलो. तास-दीड तास रांग, मग अंधाऱ्या कॅथेड्रलमध्ये कफनासमोर दोन-तीन मिनिटं. आजूबाजूचे लोक त्या चेहऱ्याकडे बघून रडत होते. मी आधी वीण बघितली, मग चेहरा. देव माफ करो. पण त्या वेळी मीही गुडघे टेकले होते, आणि पुन्हा आलो तर पुन्हा टेकीन. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की हा कुणीतरी नास्तिक भांडायला आलाय.

पत्राचं निमित्त असं. गेल्या उपवासकाळात आमच्या भागातल्या एका चर्चच्या हॉलमध्ये कफनावर व्याख्यान होतं. वक्ते बाहेरचे, तरुण, तयारीचे. पडद्यावर संगणकाने बनवलेला येशूचा रंगीत चेहरा, आणि खाली मोठ्या अक्षरांत: विज्ञानाने सिद्ध केले, कापड २,००० वर्षांपूर्वीचे. टाळ्या पडल्या. मी उभा राहून विचारलं, ‘कुठला धागा तपासला? तो कुणी दिला? कुठे ठेवला होता?’ ते म्हणाले, ‘बसा अंकल, श्रद्धेचा विषय आहे.’ पाच मिनिटांपूर्वी तो विज्ञानाचा होता.

त्या तरुणावर माझा राग नाही. हा घोळ वसईत होतो, नायजेरियात होतो, टेक्सासमध्ये होतो, आणि त्याचं एक कारण तुमच्या कॅथेड्रलच्या कपाटात आहे असं मला वाटतं. म्हणून हे पत्र तुम्हाला.

आधी कागदपत्रांचं बोलतो. ४.४ मीटर लांब, १.१ मीटर रुंद असं हे कापड इतिहासात नक्की दिसतं ते १३५० च्या दशकात, फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातल्या लिरे या खेड्यात. जोफ्रुआ द शार्नी नावाच्या सरदाराने तिथे चर्च बांधलं. तो १३५६ मध्ये प्वातिएच्या लढाईत मारला गेला, आणि कापड त्याच्या हाती कसं आलं हे त्याच्या हातचं कुठेही लिहिलेलं नाही. १३८९ साली त्रुआचे बिशप पिएर दार्सी यांनी आव्हिन्यॉंहून पोप म्हणून कारभार बघणाऱ्या सातव्या क्लेमेंटकडे तक्रार लिहिली: माझ्या आधीच्या बिशपांनी चौकशी केली होती, हे कापड कसबाने रंगवलेलं आहे आणि रंगवणाऱ्याने तसं कबूल केलं होतं. क्लेमेंटनी मधला मार्ग काढला. दाखवा, पण ही प्रभूच्या कफनाची प्रतिकृती आहे, खरं कफन नव्हे, असं मोठ्याने सांगून दाखवा.

दार्सींच्या पत्राला अनेक जण मत्सराचं पत्र म्हणतात. लिरेला यात्रा भरायची, दक्षिणा त्यांच्या कॅथेड्रलला मिळत नव्हती, वगैरे. असेल. पण २०२५ मध्ये इतिहासकार निकोला सार्झो यांनी निकोल ओरेम यांच्या लिखाणातला एक उतारा पुढे आणला. ओरेम हे चौदाव्या शतकातले मोठे गणिती आणि विचारवंत, पुढे स्वतः बिशप झालेले. दार्सींच्या तक्रारीच्या सुमारे वीस वर्षं आधी ते लिहितात की पुरोहित लोक देणगीसाठी कशा लबाड्या करतात, आणि उदाहरण देतात एका चर्चचं, जिथे प्रभूचं कफन असल्याचं सांगितलं जात होतं. ओरेमना लिरेच्या दानपेटीशी काही घेणंदेणं नव्हतं. म्हणजे आमच्याच धर्मातल्या शहाण्या माणसांनी सहाशे वर्षांपूर्वी हा प्रश्न विचारून ठेवलाय, कार्बन चाचणीचं नावही कुणी ऐकलं नव्हतं तेव्हा. व्याख्यानात ही दोन नावं आली नाहीत.

पुढचा प्रवास तुम्हाला पाठ असेल. १४५३ मध्ये सवॉय घराण्याकडे. १५३२ मध्ये शांबेरीच्या चॅपलला आग लागली, चांदीची पेटी वितळून थेंब घडीतून आरपार गेले, आणि दोन वर्षांनी क्लेअर पंथाच्या जोगिणींनी ठिगळं लावली. १५७८ पासून ट्युरिन. १८९८ मध्ये सेकोंदो पिया यांनी फोटो काढला आणि निगेटिव्ह काचेवर एकदम जिवंत माणसासारखा चेहरा उमटला. त्या रात्री पियांचे हात थरथरले म्हणतात, त्यात नवल नाही. कफनाची आजची कीर्ती त्या एका काचेतून सुरू झाली.

आता माझ्या धंद्याचं. आमच्या मराठी बायबलात योसेफाने प्रभूला ‘तागाच्या’ वस्त्रात गुंडाळलं असं आहे. ताग म्हणजे गोणपाट! लहानपणी मला वाटायचं, बिचाऱ्या प्रभूला गोणपाटात बांधलं. लॅबमध्ये आल्यावर कळलं की लिनन जवसाच्या खोडाच्या वाखाचं. तुमचं कापड तसंच आहे, शुद्ध जवसाचं, वीण तीनास एक, माशाच्या काट्यासारखी उलटसुलट वळणारी, ज्याला आम्ही हेरिंगबोन ट्विल म्हणतो. सुबक काम, महागडं काम. पहिल्या शतकात असं विणता येत नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण जेरुसलेममध्ये २००० साली एका थडग्यात पहिल्या शतकातलं कफन खरोखर सापडलं, ते साध्या विणीचं होतं आणि त्यात लोकरही होती. वीण पाहून शतक ठरत नाही, शंका मात्र वाढते.

१९८८ ला येतो, कारण सगळी गाडी तिथे अडते. २१ एप्रिलला कापडाच्या एका कोपऱ्याजवळून बोटाएवढी पट्टी कापली आणि ऑक्सफर्ड, झुरिक आणि ॲरिझोनातलं टुसॉन या तीन प्रयोगशाळांना कार्बन-१४ वरून वय काढायला वाटली. प्रत्येकीला साधारण ५० मिलिग्रॅम. सोबत ओळखीच्या वयाची तीन जुनी कापडं. निकाल १३ ऑक्टोबरला, तेव्हा तुमच्या जागी असलेल्या कार्डिनल बालेस्त्रेरोंनी जाहीर केला आणि १९८९ च्या फेब्रुवारीत ‘नेचर’मध्ये छापला गेला: इ.स. १२६० ते १३९०, खात्री ९५ टक्के. लिरेची तारीख याच पट्ट्यात.

झाड किंवा प्राणी मेला की त्यातला कार्बन-१४ ठरलेल्या गतीने कमी होत जातो, उरलेल्यावरून वय निघतं. हा कार्बन-१४ आमच्याकडे परका नाही. इनामगाव, दायमाबाद इथल्या जुन्या शेतकऱ्यांचा काळ आपण त्यावरच सांगतो आणि शाळेच्या पुस्तकात मुलांना शिकवतो. तिथे खरं आणि ट्युरिनला खोटं, असं कसं चालेल? ‘आगीमुळे, धुरामुळे, मेणबत्त्यांमुळे वय कमी आलं’ असं व्याख्याते म्हणाले. मी घरी येऊन दहावीच्या नातीच्या कॅल्क्युलेटरवर हिशेब केला. कार्बन-१४ चं अर्धं आयुष्य ५,७३० वर्षं. कापड पहिल्या शतकातलं असेल तर १९८८ ला मूळ कार्बन-१४ पैकी साधारण ७९ टक्के उरायला हवा. निघाला सुमारे ९२ टक्के. एवढा फरक नुसत्या मळाने पडायचा असेल, आणि तो मळ अगदी आजचा ताजा धरला, तरी नमुन्यातला साठ टक्क्यांहून जास्त कार्बन मळाचा असायला लागेल. मळ १५३२ च्या आगीतला धरला तर ऐंशी टक्क्यांच्या वर. म्हणजे धुऊन, आम्लात उकळून साफ केल्यावरही तो कपडा नव्हता, काजळीच होती! अशी काजळी पिक ग्लासशिवायही दिसली असती.

म्हणून माझं मत विचाराल तर कापड चौदाव्या शतकाच्या आसपासचं आहे. पण मत असणं वेगळं आणि काम नीट झालंय म्हणणं वेगळं. लॅबमध्ये आमचे साहेब म्हणायचे, रिपोर्ट बरोबर असला तरी रजिस्टर कोरं असेल तर मी सही करणार नाही. १९८८ चं रजिस्टर अर्धं कोरं आहे.

सुरुवातीचा बेत सात प्रयोगशाळांचा होता, तो तीनवर आला. तिघींनाही एकाच कोपऱ्यातले तुकडे. चाचणी आंधळी ठेवायची म्हटलं, म्हणजे कुठला तुकडा कफनाचा हे प्रयोगशाळेला कळू द्यायचं नाही, पण ती वीण जगात कुणीही ओळखेल. आणि कापण्याचं चित्रीकरण केलं, तुकडे डब्यांत भरण्याचं केलं नाही. आतल्या खोलीत दोन माणसांनी ते भरले. फसवणूक झाली असं मी अजिबात म्हणत नाही. पण आमच्या गिरणीत सूताच्या लडीचा नमुनासुद्धा दोघांच्या सह्यांशिवाय हलत नसे. त्या न झालेल्या चित्रीकरणातून किती पुस्तकं निघाली, मोजदाद नाही.

आकड्यांतही एक खुपणारी गोष्ट आहे. ऑक्सफर्डचं सरासरी वय ७५० वर्षं, झुरिकचं ६७६, टुसॉनचं ६४६. दोन टोकांत शंभराहून जास्त वर्षांचा फरक, आणि तुकडे एकमेकांना लागून! ‘नेचर’च्या लेखातच हा विखुरलेपणा अपेक्षेपेक्षा जास्त असल्याचं सूचित होतं. मूळ मोजमापं मात्र कुणाला बघायला मिळाली नाहीत. शेवटी २०१७ मध्ये फ्रेंच संशोधक त्रिस्तां कासाबियांका यांनी कायद्याचा आधार घेऊन, चाचणीचं संयोजन केलेल्या ब्रिटिश म्युझियमकडून ती मिळवली, आणि २०१९ मध्ये त्यांच्या गटाने लिहिलं की आकडे एकजिनसी नाहीत, नवी चाचणी हवी. तीस वर्षं लागली एका रजिस्टरला. आणि गंमत अशी की या विखुरलेपणातूनही पहिलं शतक निघत नाही. निघतो तो फक्त धुरळा.

मग रफूचं प्रकरण. रे रॉजर्स हे अमेरिकेचे रसायनतज्ज्ञ. १९७८ मध्ये अमेरिकी पथकाने तुमच्या राजवाड्यात पाच दिवस-रात्र कफन तपासलं, त्या पथकात ते होते. २००५ मध्ये त्यांनी लिहिलं की तपासलेला कोपरा मूळ कापडाचा नसून नंतर बेमालूम रफू केलेला आहे, त्यात कापूस आहे, रंग आहे. माणूस खरा होता, मृत्यूच्या दारात बसून लिहीत होता, मला आदर आहे. पण रफू म्हटलं की माझे कान टवकारतात. रफू कितीही बेमालूम असू दे, कापड उलटं करा, तो तिथे बसलेला दिसतो. शालीचा असो, पैठणीचा असो. २००२ मध्ये स्वित्झर्लंडच्या मेख्टिल्ड फ्लुरी-लेम्बर्ग या वस्त्रतज्ज्ञ बाईंनी कफन उलटं करून पाहिलं. त्यांना रफू मान्य नव्हता. २०१० मध्ये टुसॉनच्या शास्त्रज्ञांनी आपल्याकडे उरलेला तुकडा तपासला. कापसाचे किरकोळ तंतू, रंगाचा पत्ता नाही.

आणि तो २,००० वर्षांचा दावा? तो २०२२ चा, इटलीतलाच. एका धाग्यावर क्ष-किरण टाकून सेल्युलोज किती झिजलंय ते बघायचं आणि वय काढायचं. पद्धत नवी आहे, वाईट नाही. पण झीज उष्णतेवर आणि दमटपणावर अवलंबून. वसईत ठेवलेली साडी आणि जैसलमेरात ठेवलेली साडी एकाच वयाला सारखी झिजत नाही. लेखकांनीच लिहिलंय की तेरा शतकं कापड साधारण २० ते २२.५ अंशांत आणि ५५ ते ७५ टक्के आर्द्रतेत राहिलं असेल, तरच हिशेब जुळतो. त्या तेरा शतकांत कापड कुठे होतं हेच माहीत नाही, तर खोलीचं तापमान कसं माहीत? पडद्यावर हे ‘तरच’ नव्हतं.

भारतीय म्हणून मला भलताच आवडलेला दावा २०१५ चा. कफनावरच्या धुळीत माणसांचा आणि झाडांचा डीएनए सापडला, त्यात भारतीय उपखंडातले वंशही होते, आणि कापड कदाचित भारतात विणलं गेलं असं लेखकांनी सुचवलं. आमच्या ग्रुपवर तिरंगे नाचले. मलाही क्षणभर वाटलं, आपल्या कुणा विणकराचा हात असावा. पण त्याच धुळीत अमेरिका खंडातल्या झाडांचाही अंश आहे, आणि कोलंबसाच्या आधीच्या युरोपात ती झाडं नव्हती. ती धूळ म्हणजे सहाशे वर्षांच्या यात्रेकरूंची हजेरी आहे. माझा श्वासही असेल आता त्यात.

आता मी तुम्हाला गोव्यात नेतो. सेंट फ्रान्सिस झेवियरकडे नाही, तिथे सगळे जातात. जुन्या गोव्यातच सेंट ऑगस्टिनचा मोडका बुरूज आहे, लाल जांभ्या दगडाचा, ४६ मीटर उंच. जॉर्जियाची राणी केतेवान हिने धर्म सोडायला नकार दिला म्हणून १६२४ मध्ये शिराझला शाह अब्बासच्या हुकमाने तिला हाल करून मारलं. ऑगस्टिनी पंथाच्या साधूंनी तिच्या अस्थी काढल्या आणि काही गोव्याला आणल्या. पोर्तुगीज कागदांत जागाही लिहिलेली होती: कुठल्या खोलीत, कुठल्या खिडकीजवळ, काळ्या दगडाच्या पेटीत. चर्च कोसळलं, झाडं उगवली. भारतीय पुरातत्त्व विभागाने ढिगारा उपसला आणि खिडकीचा माग काढत हाडं शोधली. मग हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेने डीएनए काढला. तीन नमुने होते. एकात मातृवंशाची अशी खूण निघाली जी भारतातल्या २२ हजारांहून अधिक नमुन्यांत कुठेच नव्हती, पण जॉर्जियातल्या ३० पैकी दोघांत होती. उरलेले दोन नमुने इथल्याच लोकांचे निघाले. तेही छापलं गेलं, लपवलं नाही. २०२१ मध्ये भारताने त्या अस्थीचा एक भाग जॉर्जियाला दिला, आणि तिथल्या ऑर्थोडॉक्स लोकांनी तो संताच्या मानाने घेतला.

डीएनएने ‘ही राणीच’ असं सांगितलं नाही, एवढंच सांगितलं की मेळ बसतो. कागद, खिडकी आणि हाड, तिन्ही एका दिशेला. कुणाची श्रद्धा दुखावली नाही. आणि दोन हाडं चुकीची निघाली म्हणून कुणी मोर्चा काढला नाही.

आता मागणी. मी कापडाला पुन्हा कात्री लावा असं म्हणत नाही. २००२ च्या जून-जुलैमध्ये तुमच्याकडे गुपचूप दुरुस्ती झाली. जगाला नंतर वर्तमानपत्रातून कळलं. जोगिणींची तीस ठिगळं काढली आणि त्याखालचे जळके काठ खरवडून कुप्यांत भरले. त्यावरून पुरातत्त्ववाल्यांनी आरडाओरडा केला, तो रास्त होता. पण झालं ते झालं. मूळ कापडाचा जळका चुरा आज तुमच्याकडे निरनिराळ्या जागांचा, बंद कुप्यांत आहे. कोळसा हा कार्बन-१४ साठी चांगला नमुना मानतात, आमच्या पुरातत्त्ववाल्यांना विचारा. जळल्याने वय बदलत नाही. आणि आजच्या यंत्रांना १९८८ च्या मानाने चिमूटभरही लागत नाही.

त्या कुप्यांची यादी छापा. कुठली कुठल्या जागेची, वजन किती, आजवर कुणी उघडली. मग त्यातल्या चार-पाच, एकमेकींपासून लांबच्या जागांच्या, निवडक प्रयोगशाळांना द्या. चुऱ्याला वीण नसते, त्यामुळे या वेळी चाचणी खरोखर आंधळी होईल. त्यात एक सोय आहे, जी १९८८ ला कुणालाच मिळाली नव्हती. भरण्याचं चित्रीकरण करा. आकडे निकालाच्या दिवशीच सगळे, कच्चे, जसे आले तसे टाका. १९९५ मध्ये कार्डिनल साल्दारिनींनी सांगितलं होतं की बाहेर कुणाकडे असलेल्या धाग्यांना चर्चची मान्यता नाही. बरोबर बोलले. पण मान्यतेचे धागे तुम्ही कुणाला देत नाही, म्हणून सगळे बिनमान्यतेचे वापरतात, आणि मग पडद्यावर ते येतं.

पोप दुसरे जॉन पॉल १९९८ मध्ये ट्युरिनला म्हणाले होते की या प्रश्नांवर निर्णय द्यायचा चर्चला विशेष अधिकार नाही, ते काम शास्त्रज्ञांचं. कपाटाची किल्ली मात्र शास्त्रज्ञांकडे नाही. मालकी १९८३ पासून पोपमहोदयांची आहे हे मला ठाऊक आहे, पण त्यांच्या टेबलावर अर्ज तुमच्या सहीनेच जाईल.

निकाल पुन्हा १३०० च्या आसपास आला तर? येईल असं मला वाटतं. मग त्या कुणा अनामिक कसबी माणसाने तो चेहरा कसा उमटवला, तंतूच्या नुसत्या वरच्या पापुद्र्यावर, रंगाचा थर न देता, हा प्रश्न आणखी मोठा होईल, आणि तोही मला पाहिजे. आणि पहिलं शतक आलं, तर मी त्याच हॉलमध्ये उभा राहून त्या तरुण वक्त्याची माफी मागेन, माइकवर.

आपला नम्र,
एक निवृत्त गिरणी कामगार, वसई

ता. क. हे पत्र इटालियनमध्ये घालायला आमच्या गावातली, रोममध्ये राहणारी एक सिस्टर मदत करतेय. तिने विचारलं, ‘रफू’ला काय लिहू? मी सांगितलं, तसंच ठेव, ते विचारतील.